बसताईंच्या घरचं बाह्य बल

नाही, पण मी काय म्हणते, बत्तीस मुलांनी एकच उत्तर लिहिलं तर त्यात माझा काय गुन्हा? तुम्हीच सांगा. एकानं बघून लिहिलं असतं, दोघांनी लिहिलं असतं, तर मी समजू शकते. पण शेवटच्या बाकावरचा मुलगा पहिल्या बाकावरच्या मुलीचं बघून लिहिणार कसा, त्याची मान काय जिराफाची आहे? पण मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बत्तीस पेपरांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला म्हणाल्या, बसा. चौदा वर्षं झाली मला त्या शाळेत, आजवर त्या खोलीत मला कुणी बसा म्हणालेलं नाही. मला जे सांगायचं ते उभ्याउभ्या सांगतात, कारण गाडी सुटायची असते. आणि मी कोण? बसताई.

बसताई म्हणजे काय, तर शाळेच्या तीन नंबरच्या बसमध्ये मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं, परत मोजायचं, कुणाला मळमळलं तर पिशवी धरायची, खिडकीबाहेर हात गेला तर आत घ्यायचा, आणि सगळी उतरली की सीटखाली वाकून राहिलेले डबे, टोप्या, बूट गोळा करायचे. बूट नेहमी एकच राहतो बरं का, म्हणजे ते पोर एका पायानं लंगडी घालत घरी गेलं आणि घरात कुणी विचारलंसुद्धा नाही... असो. शिकलेय दहावीपर्यंत. विज्ञानात एकोणचाळीस गुण, त्यातले चार आकृतीचे. तेव्हा मी जाऊन कुणाला विज्ञान शिकवीन असं माझ्या शत्रूलासुद्धा वाटलं नसतं. मला शत्रूही नाही म्हणा. त्यासाठीही कुणीतरी यावं लागतं ना घरी भांडायला.

तर झालं काय, चौथीला धडा आला जडत्वाचा. आमच्या बसमध्ये चौथीची अकरा मुलं, मागच्या लांब सीटवर बसतात, आणि एके दिवशी बघते तर सगळी पाढ्याच्या चालीवर म्हणतायत... स्थिर वस्तू स्थिरच राहते, गतिमान वस्तू गतिमानच राहते, जोपर्यंत तिच्यावर बाह्य बल कार्य करत नाही. एकदा म्हटलं, दहादा म्हटलं, वळणावर तर सगळी एका बाजूला झुकली तरी म्हणणं चालूच. त्यांच्यात एक मुलगी आहे, तिला मी प्रश्नपेटी म्हणते. झाकण उघडलं की बंद व्हायचं नाव नाही. ती मला विचारते, ताई, बाह्य बल म्हणजे काय हो? मी म्हटलं, तुझ्या बाईंना विचार. तर म्हणते, विचारलं, बाई म्हणाल्या, परीक्षेत येईल.

आता चौथीच्या बाईंना नावं ठेवायची नाहीत मला. बिचारीच्या अंगावर पाच विषय, दोन वर्ग, घरी सासूबाईंचं दुखणं. पण नेमकं त्याच वेळी ड्रायव्हरदादांनी ब्रेक मारला. आमचे ड्रायव्हरदादा दिवसाला चार शब्द बोलतात, बाकीचं सगळं ब्रेकनं बोलतात. ब्रेक मारल्याबरोबर अकराच्या अकरा पोरं पुढे, दप्तरं पुढे, आणि एक पाण्याची बाटली मागच्या सीटखालून निघाली ती गडगडत थेट दादांच्या पायाशी. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, हे बघा, बस थांबली, ते सीटला कळलं, सीटवर टेकलेल्या बुडाला कळलं, पण वरच्या अंगाला कुणी सांगितलंच नाही, ते आपलं निघालेलं होतं, ते पुढे जातच राहिलं. आणि बाटलीला तर कुणीच काही सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते, अकराच्या अकरा डोकी वाकून त्या बाटलीकडे बघायला लागली. मग प्रश्नपेटी हळूच म्हणाली, म्हणजे सांगायला जो येतो तो बाह्य बल? मी म्हटलं, हो, तसंच समज... आणि मनात म्हटलं, बाई गं, आता घरी जाऊन पुस्तक वाच, नाहीतर फजिती आहे.

घरी जाऊन वाचलं. वेळ भरपूर असतो हो मला. आधी नसायचा. आधी घरात मी आणि धाकटी, माझी बहीण. आईबाप गेल्यावर दोघीच, लग्न तिनंही केलं नाही, मीही केलं नाही, का नाही म्हणाल तर ती म्हणायची ताईचं आधी होऊ दे, मी म्हणायची धाकटीचं आधी होऊ दे, या आग्रहात तीस वर्षं गेली. दोन खोल्या, एक टेबल आणि एक कात्री. त्या कात्रीवरून आम्ही जेवढं भांडलो तेवढं लोक जमिनीवरून भांडत नाहीत. मी खणात ठेवायची, ती फळीवर टाकायची, फळीवरून ती गादीखाली जायची, एकदा तांदळाच्या डब्यात निघाली. आणि मग, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, धाकटी चष्म्याचा नंबर तपासायला गेली आणि चष्मेवाल्याशी लग्न करून मोकळी झाली! हसताय काय, मीही हसले. मीच उभी राहून लावून दिलं लग्न. चांगला माणूस आहे, आता दुसऱ्या गावी दुकान काढलंय, तीन तासांचा रस्ता. आणि तेव्हापासून कात्री खणातच आहे.

तर पुस्तक वाचलं. दुसऱ्या दिवसापासून आमचे बसमध्ये तासच सुरू झाले. जायची चाळीस मिनिटं, यायची चाळीस मिनिटं. एक दिवस घर्षण. रिकाम्या रस्त्याला बाटली आधी रबराच्या पट्टीवर लोटली, थोडी गेली आणि थांबली, मग पट्टी उचलून खालच्या गुळगुळीत पत्र्यावर लोटली, तर लांबवर गेली. मी म्हटलं, खालून जमीन तिला धरून ठेवते, जाऊ नको म्हणते, ते घर्षण. पट्टी खरखरीत, तिची पकड घट्ट. प्रश्नपेटी म्हणाली, आणि कुणीच धरलं नाही तर? मी म्हटलं, तर जातच राहील. किती लांब? म्हटलं, आडवं काही येईपर्यंत. तर म्हणते, ताई, आणि तिला परत यावंसं वाटलं तर? आता हे पुस्तकात कुठे आहे? मी सगळं पान परत वाचलं त्या रात्री. नाहीच आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुत्वाकर्षण. पृथ्वी खाली ओढते, सीट वर ढकलते, दोघींचा जोर सारखा, म्हणून दप्तर जागच्या जागी गप्प. मी सांगितलं, आमच्या घरी असंच होतं, मी एका बाजूला ओढायची, धाकटी दुसऱ्या बाजूला, म्हणून तीस वर्षं घर हललं नाही. मुलांना फार आवडलं ते. आणि दादा, जे वळूनही बघत नाहीत, ते दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या रस्त्यावर आपणहून एक ब्रेक मारायला लागले. हळू हं, अगदी जपून. आरशात बघायचे, मी मान हलवायची, मग ब्रेक. मी कोण? बसताई. पण त्या चाळीस मिनिटांत, तुम्हाला सांगते, मी... असो.

अडलं कुठे, तर पहिल्याच ओळीत. स्थिर वस्तू स्थिरच राहते. मुलं म्हणाली, ताई, हे खोटं आहे. म्हटलं, अरे पुस्तकात लिहिलंय. तर एक पोरगा आहे, त्याला सगळी वकील म्हणतात, पुराव्याशिवाय तो स्वतःचा वाढदिवससुद्धा मान्य करत नाही. तो उभा राहिला, म्हणाला, मी रात्री पट्टी टेबलावर ठेवतो, सकाळी नसते. दुसरी म्हणाली, माझी चप्पल आजोबा घालून जातात. तिसऱ्याचा मोजा कुत्रं नेतं, अजून एकीची वही धाकटा भाऊ चघळतो, कुणाची आई आवरते, कुणाची आत्या आवरते, आणि आवरलेलं कुणाला सापडत नाही. अकरा घरं, अकरा साक्षी, एकाही घरात ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी राहत नाही. वकील म्हणाला, ताई, नियम चुकीचा आहे.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? एवढा मोठा नियम, जगभर चालतो, आणि तीन नंबरच्या बसमध्ये तो पडायला आलाय. मी घाईघाईनं बोलून गेले, अरे, माझ्या घरी बघा ना, माझ्या घरी ठेवलेली वस्तू तिथेच राहते.

झालं. तिथेच चूक झाली.

वकिलानं दप्तरातून खोडरबर काढलं. पिवळं, बदकाच्या आकाराचं, चोच जरा झिजलेली. म्हणाला, हे खिडकीत ठेवा, भोवती पेन्सिलनं रेघ मारा, रोज सकाळी सांगायचं. नियमही त्यांनीच केले. प्रयोग करणाऱ्यानं हात लावायचा नाही. पुसताना बदकाला वगळून पुसायचं. खिडकी बंद, कारण वारा हे बल आहे. मी म्हटलं, बरं. खिडकी बंद, पंखा बंद, मी घामाघूम होऊन झोपतेय आणि बदक थाटात बसलंय.

सकाळी बसमध्ये चढलं की पहिला प्रश्न, ताई, बदक? मी म्हणायची, तिथेच. की सगळी ओरडायची, तिथेच! दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, तिथेच, तिथेच. पहिलीची बाळंसुद्धा शिकली, त्यांना बदकही माहीत नाही आणि जडत्वही, पण ओरडायला सगळ्यात पुढे. थांब्यावर आया विचारायला लागल्या, हे तिथेच काय आहे? मला तर, खोटं कशाला बोलू, फार अभिमान वाटला. माझ्या घरामुळे विज्ञानाची अब्रू वाचली!

पण वकील तो वकीलच. पाचव्या दिवशी उलटतपासणी. ताई, दूधवाला येत असेल? म्हटलं, येतो, पण दाराबाहेरूनच पिशवी अडकवून जातो. शेजारीण? म्हटलं, ती कुलूप लावून मुलाकडे गेलीय, पावसाळ्यानंतर येईल. पेपरवाला? खालून फेकतो. पाहुणे? म्हटलं... नाही, अजून कुणी नाही आलं. मैत्रीण? म्हटलं, अरे, शाळेची घंटा होईल, उतरा आता.

आता इथे एक सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. शाळेत सोमवारी सकाळी चहाच्या वेळी सगळ्या एकमेकींना विचारतात, काय, कसा गेला रविवार? कुणाकडे नणंद आलेली, कुणाकडे जाऊबाई, कुणाच्या घरी चार माणसं जेवायला. मला विचारलं की मी सांगायची, धाकटी आली होती, दिवसभर गप्पा. आणि खरंच आली होती हो, पहिले दोन रविवार. मग चष्मेवाल्याचं दुकान रविवारी उघडं राहायला लागलं, मग तिचा गुडघा दुखायला लागला, मग फोनवरच बोलू म्हणाली. पण सोमवारचा चहा काही बंद होत नाही ना? एकदा सांगितलं आली होती, मग पुढच्या सोमवारी नाही आली कसं सांगायचं, सगळ्या का म्हणून विचारतील. म्हणून आली होती, आली होती, असं पाच महिने चाललं. एकदा चालू झालेली गोष्ट चालूच राहते. तेही जडत्वच म्हणायचं.

बाराव्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेले, चप्पल काढली नाही, पिशवी ठेवली नाही, सरळ खिडकीशी. का गेले? बदक तर तिथेच असणार. मला माहीत आहे, पृथ्वीला माहीत आहे, पुस्तकात छापलेलं आहे. तरी खाली वाकून बघितलं, रेघेच्या जरासं बाहेर आलंय का... एवढंसं, नखाएवढं... नाही. बदकाच्या पाठीवर धुळीचा पातळ थर बसला होता, त्यावर बोट फिरल्याची खूणसुद्धा नाही. मी म्हटलं, वा, छान, नियम बरोबर आहे. आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहिले, दिवा लावायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तिथेच म्हटलं, पण जरा हळू म्हटलं असेन. मुलं ओरडली, पण प्रश्नपेटी ओरडली नाही. ती माझ्याजवळ येऊन बसली आणि कानाशी म्हणाली, "ताई, म्हणजे तुमच्या घरी बाह्य बल नाहीच?"

मी म्हटलं, "नाही गं."

तेवढंच. त्यावर तिनं प्रश्न विचारला नाही. प्रश्नपेटीनं!

मग परीक्षा. प्रश्न आला, जडत्वाच्या नियमाचं रोजच्या जीवनातलं एक उदाहरण द्या, तीन गुण. चौथीच्या बाईंना काय अपेक्षित होतं, तर सतरंजी झटकली की धूळ पडते. पुस्तकात तेच आहे. आणि बत्तीस मुलांनी लिहिलं काय? आमच्या बसमधली अकराच, पण बातमीला कुठे बस लागते, मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला बदक पाठ झालं होतं. बत्तीसच्या बत्तीस जणांनी लिहिलं, बसताईंच्या घरी खिडकीत ठेवलेलं बदक सतरा दिवस तिथेच आहे, कारण त्यांच्या घरी बाह्य बल नाही.

तर अशी मी त्या खुर्चीवर. समोर मोठ्या बाई, बाजूला चौथीच्या बाई, डोळे सुजलेले, बिचारी रात्रभर पेपर तपासत बसली असणार. मोठ्या बाई एकेक पेपर वाचून दाखवायला लागल्या. एकानं लिहिलेलं, दूधवाला पिशवी बाहेरच अडकवतो. एकीनं लिहिलेलं, शेजारीण कुलूप लावून गेली आहे. एकानं तर, मैत्रीण विचारल्यावर ताईंनी उत्तर दिले नाही. आता ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं, तेवढ्यात त्यांनी एक पेपर माझ्याकडे फिरवला, त्यात आकृती. खिडकी काढलेली, बदक काढलेलं, आणि शेजारी खुर्चीत मी. हुबेहूब हो, अंबाडासुद्धा. बाणानं नावं दिलेली. बदक, स्थिर वस्तू. बसताई, स्थिर वस्तू. आणि खाली नीट अक्षरात, आकृतीत बल दाखवलेले नाही कारण ते नाही.

चार गुणांची आकृती होती, खरं सांगते.

चौथीच्या बाई म्हणाल्या, त्यांनाही वाईट वाटत होतं, पण नियम तो नियम. बत्तीस उत्तरांचं पहिलं वाक्य शब्दाला शब्द सारखं, म्हणजे एक तर मुलांनी कॉपी केली, नाहीतर बसताईंनी उत्तर घोकून घेतलं. कॉपी असेल तर सगळ्या वर्गाचे गुण शून्य, फेरपरीक्षा, पालकांना चिठ्ठ्या. आणि मी सांगितलेलं असेल, तर परीक्षेचं उत्तर सांगणारं माणूस मुलांबरोबर ठेवता येत नाही, मला बसवरून काढून साहित्याच्या खोलीत बसवणार. खडू मोजायला, नकाशे गुंडाळायला. पगार तोच. खिडकीही नाही त्या खोलीला. तुम्हाला सांगते, पगार तोच म्हटल्यावर मला रडूच यायला लागलं. त्या चाळीस आणि चाळीस मिनिटांचं काय, ते कुठल्या कागदावर लिहिलंय?

मी म्हटलं, मी उत्तर सांगितलं नाही बाई, त्यांनी रोज विचारलं, मी रोज सांगितलं, त्यांनी आपलं आपण ताडलं. तो खरा प्रयोग आहे, कॉपी नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, प्रयोग खरा असेल तर मुलांची निरीक्षणंही खरी असली पाहिजेत. मी म्हटलं, आहेत. तेव्हा त्या थांबल्या. चष्म्यावरून बघितलं. फार शांतपणे म्हणाल्या, "पण तुम्ही तर दर सोमवारी सांगता, बहीण येते म्हणून. सतरा दिवसांत दोन रविवार होते."

आता आली का पंचाईत! धाकटी आली होती म्हणावं, तर घरात बाह्य बल होतं, मग मुलांनी लिहिलं ते खोटं, म्हणजे बत्तीस शून्य. मुलांचं खरं म्हणावं, तर पाच महिन्यांचे वीस सोमवार खोटे, तेही कुणासमोर, ज्यांच्याबरोबर रोज चहा प्यायचा त्यांच्यासमोर. मी पदर नीट केला, परत नीट केला. खरं सांगू, एक क्षण वाटलं, म्हणावं येते धाकटी, पण खिडकीकडे जात नाही. जमलं असतं. पण मग वकिलाचं तोंड डोळ्यासमोर आलं. तो उभा राहून विचारणार, पुरावा?

मी म्हटलं, "मुलांचं बरोबर आहे, बाई. धाकटी येत नाही."

"कधीपासून?"

"पाच महिने झाले."

"मग सोमवारी..."

"ते मी नुसतं सांगायची."

चौथीच्या बाई हातातल्या पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. मग मोठ्या बाईंनी हात पुढे करून ते लाल पेन मागून घेतलं, गठ्ठा पुढे ओढला, आणि एकेका पेपरावर बरोबरची खूण, तीनपैकी तीन, बरोबरची खूण, तीनपैकी तीन... बत्तीस वेळा. कागदावर पेन फिरल्याचा तेवढा आवाज. मी जाऊ का विचारायचंसुद्धा सुचलं नाही मला. शेवटचा पेपर झाल्यावर म्हणाल्या, जा, गाडी सुटेल. म्हणजे मी परत उभ्यानं ऐकायची माणूस झाले. जीव भांड्यात पडला.

बसमध्ये जल्लोष! तीनपैकी तीन, तीनपैकी तीन! वकील माझ्याशी हात मिळवून गेला. दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले, वाट बघत उभी राहिले, कुणी विचारेना. सगळी मागच्या सीटवर डोकी एकत्र करून बसलेली. पुढचा धडा सुरू झाला होता. चुंबक. टाचण्या, खिळे, कुणाच्या तरी दप्तराचं बक्कल... मी आपणहून म्हटलं, मुलांनो, बदक तिथेच आहे हं. वकील वर न बघता म्हणाला, ताई, ते सिद्ध झालं आता.

हो ना. सिद्ध झालं.

पण बायकांचं मन मोठं असतं, हे खोटं नाही. सोमवारी चहाला मला कुणीच रविवार विचारला नाही. सगळ्या साखरेबद्दल बोलल्या. आणि त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी चार वाजता, माझ्या दारात कोण, तर मोठ्या बाई! मागे चौथीच्या बाई, हातात बिस्किटांचा डबा, आणि त्यांच्या मागे जिन्यात आमचे ड्रायव्हरदादा, इस्त्रीच्या शर्टात. मी तर भांबावले. धावत जाऊन कपाटातले चांगले कप काढले, चादर ओढली, खुर्ची पुढे केली, मग मुद्दामच, तुम्हाला म्हणून सांगते, वर्तमानपत्र जरा उलगडून टाकलं, उशी तिरकी केली... म्हटलं, तीन माणसं आलीत, पसारा होऊ दे, विस्कटू दे जरा घर.

बसली हो छान तासभर. मोठ्या बाई म्हणाल्या, घर कसं नीटनेटकं आहे. चौथीच्या बाईंनी सासूबाईंचं सांगितलं, मी ऐकलं, बरं वाटलं त्यांना. दादा चार शब्द बोलले. चहा. अजून अर्धा. पुरे. हे चारही झाले, मग गप्प बसले, पण प्रेमानं गप्प बसले, ते कळतं माणसाला. आणि मग निघायची वेळ झाली. मोठ्या बाईंनी जिथे बसल्या होत्या तिथली चादर हातानं सारखी केली. चौथीच्या बाईंनी मी नको नको म्हणताना तिन्ही कप धुतले, पुसले, कपाटात होते तसे उपडे लावले, वर्तमानपत्राची घडी घातली, उशी सरळ केली. दादांनी खुर्ची उचलून भिंतीशी नेली आणि फरशीवर तिच्या पायांच्या जुन्या खुणा आहेत, बरोबर त्यांवर ठेवली. दार लागलं. मी मागे वळून बघते, तर घरात कुणी येऊन गेल्याची एक खूण नाही.

माणसं सोन्यासारखी आहेत हो. पण बाह्य बल म्हणून म्हणाल, तर काडीच्या उपयोगाची नाहीत.